कोट वाचणारे मास्तर

आमच्या मास्तरांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे. कोट राहत असे.

पेटेत, म्हणजे बाजारात, कुणी नमस्कार केला की ते आधी त्याच्या बाहीकडे बघत, मग खांद्याकडे, आणि ओळख पटली की मग तोंडाकडे. "हां, हां, तुम्ही. डाव्या खिशात जड काहीतरी ठेवता ते." समोरचा ओशाळून खिशावर हात ठेवी. मास्तरांच्या गळ्यात मापाची फीत कायम असायची. देवळात असायची, लग्नात असायची, एकदा मयतीलाही होती. कुणी हटकलं तेव्हा त्यांनी ती काढून खिशात घातली आणि स्मशानातून परत येईपर्यंत मान चोळत राहिले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. मैसुरात दसऱ्याचे पोशाख शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कापड बेतणारे होते. कारखाना म्हणजे एक लांबट कौलारू खोली, चार मशिनं, एक मोठं टेबल आणि अकरा माणसं. बहुतेक आम्ही शिंपी, दोनतीन पिढ्यांपूर्वी वरच्या मराठी मुलखातून आलेले. घरी मराठी बोलायची, बाहेर कानडी, आणि भांडताना दोन्ही. मास्तर तेवढे शिपाईगिरी केलेल्या घराण्यातले होते. त्यांचे आजोबा घोडदळात होते. घोडा गेला, तलवार गेली, आणि नातवाच्या हातात कात्री आली. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. "आजोबा माणसं कापत होते, मी कापड कापतो. कापड उरतं तरी," असं म्हणायचे.

त्या 'उरण्या'वर त्यांचा फार जीव होता. बेत करून झाला की ते टेबलावर राहिलेले तुकडे गोळा करून हातावर घेत आणि बराच वेळ बघत. बेतलेल्या भागाकडे कुणीही बघेल, पण उरलं काय यावरून बेतणारा कळतो, हे त्यांचं मत. हेच मत त्यांनी माणसांना लावलं होतं. आठदहा माणसं कुठंही जमली, मग ती फौज असो, भजन असो की शिंप्यांचा कारखाना असो, त्यांत एक सुरू करणारा असतो, एक 'नको' म्हणणारा असतो, एक हसवणारा असतो, एक मुकाट्यानं ओझं उचलणारा असतो आणि एक उरलेला असतो. पुढारी कसा आहे ते त्या उरलेल्याकडे बघून ओळखावं. हे ते असं सांगायचे, जणू पाठ शिवण्याआधी खांदे जोडावेत इतकी साधी गोष्ट आहे.

मला हे तेव्हा पटत नसे. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मशीनवर बसत होतो. आमच्याकडे बेळगावहून कापडाच्या गाठी यायच्या, आणि गाठीत दोन ताग्यांच्या मध्ये चळवळीची पत्रकं यायची. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. 'बंधूंनो' हा मी वाचलेला पहिला शब्द असावा. पुढारी म्हणजे जो उभा राहतो, बोट दाखवतो आणि ज्याच्या मागे हजार माणसं चालतात तो, अशी माझी पक्की समजूत होती. मास्तर तर कधी कुणाच्या पुढे चालत नसत. चौघे रस्त्यानं निघाले की ते आपोआप मागे पडत. कारखान्यातही त्यांनी कुणाला 'हे कर' असं सांगितलेलं मी ऐकलं नाही. सकाळी कापलेल्या कापडांची पुडकी ते टेबलाच्या कडेला ठेवत आणि त्यांच्याकडे बघत बसत. मग स्वतःशीच म्हणत, "ह्यास कुणीतरी पाहिजे होतं." कुणीतरी उठून ते पुडकं घेई. मला हा दुबळेपणा वाटे.

आमच्यातला पांडू एकदा म्हणाला, "मास्तर, हुकूम द्या की एकदा. आम्हालाही कळू दे हुकूम कसा लागतो."

"तुझ्या बायकोला विचार," मास्तर म्हणाले आणि खडूनं रेघ ओढली.

*

दसऱ्याच्या आधी दोन महिने गेल्या वर्षीचे कोट दुरुस्तीला यायचे. छत्री धरणारे, मशाली धरणारे, भालदार, घोडे सांभाळणारे मोतद्दार, वाजंत्रीवाले, प्रत्येकाचा रंग वेगळा, गोंड्यांची तऱ्हा वेगळी. गठ्ठे सुटले की मास्तर एखाद्या पंडितानं पोथी घ्यावी तसा एकेक कोट मांडीवर घेत. त्यांना अक्षर एक येत नव्हतं. पण कोट ते वाचत.

"हा बघ. पाठ चकचकीत, गळपट्टी तेलकट. हा टेकून बसतो. ह्याच्या हाताखाली माणसं असणार, आणि ती ह्याला आवडत नसणार." दुसरा कोट उचलत. "ह्याचे दोन्ही खांदे विरलेत. हा उचलतो." तिसरा कोट अगदी कोरा निघाला की तो ते न बोलता बाजूला टाकत. पांडू विचारी, "हा काय करतो, मास्तर?" "हा मिरवतो. बाकी ह्यानं काही केलेलं नाही."

एकदा त्यांनी दोन कोट शेजारी ठेवले. एक छत्री धरणाऱ्याचा, एक स्वारांच्या नायकाचा. दोन्ही उजव्या काखेत उसवलेले. "दोघांचाही हात वर असतो," ते म्हणाले. "एकाचा दुसऱ्यासाठी, एकाचा स्वतःसाठी. उसवतं मात्र एकाच जागी. म्हणून नुसत्या काखेवर जाऊ नये, खांदाही बघावा."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा कोट दाखव."

माझा कोट उजव्या काखेत उसवलेला होता. खांदे नवे होते. पांडूनं टाळी वाजवली. मी लाल झालो आणि म्हणालो की भाषणाचा सराव करतो, त्यात लाजण्यासारखं काय आहे. "लाज कशास?" मास्तर म्हणाले. "ज्याचा काखेतला मुंढा असा फाटतो तो लढाई सुरू करतो. सुरू करणाराही लागतोच की." ही स्तुती होती की नाही ते मला तेव्हा कळलं नाही. पण उसवलेली जागा त्यांनी तशीच परत दिली, शिवली नाही.

हुणसूरहून एक गृहस्थ आले होते. दसऱ्यानंतर भरणाऱ्या सभेत रयतेच्या वतीनं बोलायला त्यांची निवड झाली होती आणि त्यांना नवा कोट हवा होता. मास्तरांनी माप घेता घेता विचारलं, "सभेत उभं राहून बोलणार की बसून राहणार?"

"का? त्याचा कोटाशी काय संबंध?"

"उभं राहणार असाल तर मुंढा सैल ठेवतो. बसणार असाल तर मागची बाजू सैल ठेवतो."

गृहस्थांनी विचार केला. खरोखरच विचार केला, आणि म्हणाले, "दोन्ही ठेवा." ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "बसणार."

*

दुपारी जेवणाच्या वेळी मी मास्तरांना इतिहास वाचून दाखवत असे. वाचनालयातून जुन्या बखरी आणायच्या आणि भाकरी खाता खाता वाचायच्या, हा आमचा नेम होता. लढाईच्या वर्णनाला मी जोरात आवाज काढी. मास्तर मध्येच हात वर करत.

"थांब. घोड्यांना पाणी कोण देत होतं?"

"लिहिलेलं नाही."

"जखमी झाले त्यांना उचललं कुणी?"

"तेही नाही, मास्तर. इथं सरदारानं हत्तीवरून काय हाक दिली ते आहे."

"म्हणजे ज्यानं लिहिलं तो पुढं बसलेला होता," ते म्हणत. "मागचं त्याला दिसलंच नाही. वाच पुढं."

पानिपताचा प्रसंग मी तीनदा वाचला, कारण ते तिसऱ्यांदाही ऐकायला तयार होते. सेनापती कसे होते, कुणाची चूक झाली यावर मी मोठमोठ्या गोष्टी बोलत असे. ते म्हणाले, "एवढी माणसं उपाशी होती, आणि उपाशी आहेत हे पुढच्याला सांगायचं काम कुणाचं, ते ठरलेलं नव्हतं. सगळ्यांना पुढं जायचं काम होतं." याच तराजूत ते सगळ्यांना तोलत. मैसुराजवळच्या पट्टणच्या जुन्या नवाबांना लिहिता येत नव्हतं पण प्रत्येक मोतद्दाराचं नाव तोंडपाठ होतं, असं त्यांचे आजोबा सांगत. ते खरं की खोटं कोण जाणे. मास्तरांना ते पुरेसं होतं. मोठमोठ्या राजांपैकी ज्यांच्याबद्दल अशी गोष्ट ऐकलेली नाही, त्यांना ते 'टेकून बसणारे' म्हणून बाजूला ठेवत.

मला राग यायचा. एका शिंप्यानं विजयनगरच्या गादीचा असा निकाल लावावा! आता वाटतं, माझा राग राजांसाठी नव्हता. हत्तीवरच्या त्या जागेवर माझा स्वतःचा डोळा होता.

*

आता सिद्रामण्णांविषयी सांगितलं पाहिजे, कारण मास्तरांविषयी मला जे कळलं ते त्यांच्यामुळेच.

सिद्रामण्णा आमच्यात सगळ्यांत म्हातारे. तीस वर्षं काजे करत होते. काजे म्हणजे गुंडीची भोकं. मशीन ते करत नाही, हातानं एकाला एक लागून टाका घालावा लागतो. तांबड्या लोकरी बनातीवर तांबडा टाका, तीस वर्षं. त्यांच्या डोळ्यांवर पडदा येत होता. सुई ओवायला ते पांडूकडे देत आणि म्हणत, "दोरा जाड झालाय हल्ली." पांडू ओवून देई आणि म्हणे, "हौदु अण्णा, हो, फार जाड."

आमच्या कारखान्यात एक रीत होती. काजे तिघेचौघे करत, म्हणून ज्यानं केले त्यानं अस्तराच्या आत शेवटच्या काजाखाली आपल्या रंगाचा एक टाका सोडायचा. कुणाचा हिरवा, कुणाचा निळा. सिद्रामण्णांचा पिवळा. रंग कुणाचा कोणता हे आम्हा अकरांनाच ठाऊक होतं. धन्यांना, म्हणजे कंत्राट घेणाऱ्या मालकांना, रंग असतात एवढंच माहीत होतं.

त्या वर्षी दहा कोट वरून, राजवाड्याकडून, परत आले. काजे वाकडे होते, गुंड्या लागत नव्हत्या. दहाही कोटांत पिवळा टाका. धनी टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "हा पिवळा कुणाचा आहे?"

सगळे आपापल्या शिवणीवर वाकले.

"शनिवारी परत येतो. तोपर्यंत नाव सांगा. जो असेल त्याला काढतो. दसऱ्याच्या कामात खेळ नको." ते गेले.

सिद्रामण्णा खाली मान घालून टाका घालत होते. घरी त्यांची विधवा लेक आणि तिची दोन पोरं होती. ह्या कामाखेरीज त्यांना दुसरं काम येत नव्हतं, आणि ह्या वयात, ह्या डोळ्यांनी, दुसरं कुणी दिलंही नसतं. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

मी पेटलो. मध्ये एकादशी होती, त्या दिवशी कारखाना बंद. दुपारी विठोबाच्या देवळाच्या ओसरीवर मी सभा बोलावली. मी ठराव लिहून आणला होता. ज्याचे डोळे कारखान्यात गेले त्याची जबाबदारी कारखान्यानं घेतली पाहिजे, नाहीतर सोमवारपासून संप. हा ठराव मला आजही बरोबर वाटतो. त्यातलं एक अक्षर मी बदलणार नाही.

मग मी पदं वाटली. सभापती मी. एक उपसभापती, एक चिटणीस, एक सहचिटणीस, एक निरोप्या, बाकीचे सल्लागार. पांडू म्हणाला, "आणि सभासद कोण रे? खांब?"

मास्तर सगळ्यांच्या मागे, चपलांजवळ बसले होते. भजनातही ते तिथंच बसत आणि झांज चुकीच्या जागी वाजवत. त्यांनी विचारलं, "सिद्रामण्णाला काय दिलंस?"

मी इकडे तिकडे बघितलं. सिद्रामण्णा सभेत नव्हते. त्यांना बोलवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वा रे सभापती," पांडू म्हणाला. "बारसं मांडलंस आणि बाळ घरी."

सगळे हसले. मी निरोप्याला पळवलं. सिद्रामण्णा आले, ओसरीची कड हातानं चाचपत बसले, ठराव ऐकला आणि म्हणाले, "मला काही नको रे बाबा. बेडा. माझ्यासाठी तुम्ही कशास काम घालवता? होगली बिडु, जाऊ दे." मी त्यांना समजावलं की हा एकट्याचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे. त्यांनी मान हलवली. तत्त्व म्हटलं की म्हातारी माणसं मान हलवतात.

परत निघताना मास्तर माझ्या मागून चालत होते. म्हणाले, "शनिवारी धनी विचारतील तेव्हा तू बोलू नकोस."

"का? मी सभापती आहे."

"म्हणूनच. ह्यास कुणीतरी पाहिजे होतं. मी आहे."

ते काय करणार होते ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मला वाटलं, म्हातारा भ्याला.

*

शनिवारी धनी आले. दहा कोट टेबलावर टाकले. "बोला. पिवळा कुणाचा?"

मास्तर कात्री ठेवून उठत होते. मला ते दिसलं. आज मला ठाऊक आहे की ते 'माझा' म्हणणार होते. बेतणाऱ्याला एका चुकीसाठी ऐन दसऱ्यात कुणी काढत नाही, दोन शब्द ऐकवले असते आणि गोष्ट तिथंच मिटली असती. पण त्यांच्याआधी मी उभा राहिलो. माझा उजवा हात वर गेला. काखेत आणखी टाके तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला.

"धनी," मी म्हणालो, "प्रश्न दोऱ्याचा नाही, न्यायाचा आहे! तीस वर्षं तुमच्या अंधाऱ्या खोलीत काजे करून ज्यांचे डोळे गेले, त्या सिद्रामण्णांना आज तुम्ही रस्त्यावर काढणार असाल..."

वाक्य मोठं होतं. मी ते पुरं केलं. पुढचंही केलं. खोलीत काहीतरी झालंय हे मला कळलं, पण ते माझ्या बोलण्यामुळे झालं असं वाटलं, आणि एका अर्थी ते बरोबरच होतं.

"अस्सं," धनी म्हणाले. "सिद्राम काय. ठीक. सिद्राम, आजपासून येऊ नकोस."

सिद्रामण्णांनी हातातली सुई काढून ठेवली. सुयांची डबी कमरेला खोचली आणि उठले. दाराशी त्यांना चप्पल सापडेना. मास्तर तिथवर गेले, खाली वाकून चपला त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या. मग गळ्यातली फीत काढून टेबलावर ठेवली. ती फीत त्यांच्या गळ्याबाहेर मी दुसऱ्यांदाच पाहत होतो. "चला अण्णा," ते म्हणाले आणि सवयीप्रमाणे सिद्रामण्णांच्या मागे चालू लागले.

मी धन्यांकडे वळलो. माझ्या ठरावात अजून तिसरं कलम होतं. खिडक्या वाढवण्याबद्दल, उजेडाबद्दल. मी ते मांडलं. उदाहरणं दिली. धनी माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता. मला वाटलं, कलम लागू पडलं.

मी बोलून थांबलो तेव्हा फार शांतता होती. मशिनं थांबली होती. मी वळून पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं.

ते कसे गेले ते मला नंतर पांडूनं सांगितलं. मास्तरांनी कुणाला हाक दिली नाही, खूणही केली नाही. मास्तर उठून गेलेले पाहून पांडू उठला, पांडूला पाहून शेजारचा उठला, आणि असे आठच्या आठ दारातून बाहेर पडले. आमच्या संपाच्या अग्रभागी अर्धा आंधळा माणूस होता आणि तो भिंत चाचपत चालला होता. सोमवारी होणारा संप शनिवारीच झाला होता. त्यात मी नव्हतो.

"सभापती," धनी म्हणाले, "तुमची सभा गेली वाटतं."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगण्यासारखं नाही. टेबलावर दहा तांबडे कोट होते, मास्तरांची फीत होती, कापून उरलेले तुकडे होते, आणि मी होतो.

मग दारात सावली आली. मास्तर परत आले होते. आत न येता उंबऱ्याबाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, "उरलास काय रे? चल. टोपी घे तुझी."

*

आम्ही कुक्करहळ्ळीच्या तळ्याकाठी जाऊन बसलो. मास्तर त्याच बाजूला, बोगादीच्या वाटेवर राहत. त्यांच्या बायकोनं परातभर चुरमुरे कालवून पाठवले. कुणी मला काही म्हटलं नाही. तेच कठीण होतं. शेवटी मीच सिद्रामण्णांजवळ गेलो आणि म्हणालो, "अण्णा, माझं चुकलं. नाव माझ्या तोंडून गेलं."

"गेलं तर गेलं," ते म्हणाले. "चांगलं बोलत होतास. मला एवढं कुणी आजवर म्हटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशीही आम्ही तिथंच जमलो होतो. दुपारी धनी जटक्यातून, म्हणजे घोड्याच्या टांग्यातून, आले. काम अर्धं पडलं होतं आणि दिवस थोडे होते. जटक्यातून न उतरताच त्यांनी विचारलं, "तुमचा पुढारी कोण?"

पांडू म्हणाला, "पुढं तर सिद्रामण्णा होता, धनी. सगळ्या पेटेनं पाहिलं."

सिद्रामण्णांसकट सगळे हसले. धनी हसले नाहीत. उतरून त्यांनी मास्तरांना झाडाखाली बाजूला नेलं. एक विडी संपायला लागते तेवढाच वेळ दोघे बोलले. मास्तर परत आले आणि म्हणाले, "चला. कोट व्हायचेत. अण्णा गुंड्या निवडतील, दोऱ्याला मेण लावतील. काढायचं नाही असं ठरलंय."

आम्ही उड्या मारल्या. त्यानंतरच्या दिवसांत काजे करणाऱ्यांपैकी कुणी हिरवा सोडला नाही, कुणी निळा सोडला नाही. सगळ्यांनी पिवळाच टाका सोडला. हे कुणी सुचवलं ते अजून मला कळलेलं नाही. मी सुचवलं नव्हतं.

मी मात्र रात्रंदिवस मनात घोळवून एक पत्रक लिहिलं. शिंपी बंधूंचा विजय, धैर्यशाली नेते, अभेद्य एकजूट. मास्तरांना हत्तीवर बसवलं होतं. जेवणाच्या वेळी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"ह्यात अण्णा भिंत चाचपत होता ते कुठाय?"

"ते लिहिलं नाही."

"चप्पल सापडत नव्हती ते?"

"नाही, मास्तर."

"म्हणजे तूही पुढं बसून लिहिलंस," ते म्हणाले. नंतर जरा थांबून, "आणि तू तर पुढंही नव्हतास. तू आत होतास."

ते पत्रक छापलं गेलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी आम्ही सगळे मिरवणूक बघायला रस्त्याच्या कडेला उभे होतो. लोक अंबारीकडे बघत होते. मास्तर छत्री धरणाऱ्यांच्या काखा बघत होते. एकेक जण समोरून गेला की पुटपुटत, "शिवणीनं धरलं. हिनंही धरलं." शेवटचा गेल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाले, "आता घरी जायला हरकत नाही."

ते खरोखरच घरी गेले. दसरा झाल्यावर आम्ही कामावर आलो तेव्हा टेबलाशी धन्यांचा भाचा कात्री घेऊन उभा होता. मी विचारायला गेलो. धनी शांतपणे म्हणाले, "एकजण जायलाच हवा होता. मी म्हटलं, सिद्राम नको तर दुसरं नाव दे. त्यानं स्वतःचं दिलं. काम पुरं करून जातो म्हणाला, मी हो म्हटलं." माझ्याकडे बघून त्यांनी वर विचारलं, "तुमच्या सभेला हे सांगितलं नाही का त्यानं?"

मी सभा बोलावली. ह्या वेळी सगळ्यांना बोलावलं. पण सिद्रामण्णा म्हणाले, मास्तर कालच बैलगाडीनं सरगूरला गेले. जाताना त्यांनी निरोप ठेवला होता की कुणी काम सोडू नये, नाहीतर त्यांचं जाणं फुकट जाईल. पहिल्यांदाच त्यांनी आम्हाला हुकूम दिला होता, तोही दुसऱ्याच्या तोंडून. आम्ही तो पाळला. तो पाळायला नको होता, असं मला अजूनही एखाद्या दिवशी वाटतं, आणि एखाद्या दिवशी वाटत नाही.

*

चार वर्षं झाली. मी आता मशीनवर बसत नाही. लिहितो, आणि बोलवतील तिथं बोलतो. मी अजूनही संपाच्या बाजूचा आहे, आणि खिडक्यांचं ते तिसरं कलम मी अजून सोडलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी सरगूरला गेलो. मास्तर बाजाराच्या कडेला एका पडवीत बसून शेतकऱ्यांच्या बंड्या शिवत होते. मी समोर उभा राहिलो. त्यांनी माझी बाही पाहिली, खांदा पाहिला आणि मग तोंड पाहिलं.

"काढ," ते म्हणाले.

मी कोट काढून दिला. त्यांनी तो उलटा केला. उजवी काख पुन्हा उसवली होती, ह्या वेळी कापडही फाटलं होतं. खांद्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग सिद्रामण्णा कसे आहेत ते विचारलं. मी सांगितलं की गेल्या वर्षी डोळे पुरते गेले, पण अजून येतात, गुंड्या बोटांनी ओळखून निवडतात, आणि पांडू त्यांना रोज विचारतो की दोरा बारीक झाला का. मास्तर हसले.

मग त्यांनी पेटीतून एक पुडकं काढलं. त्यात तुकडे होते. त्यांतला एक तांबड्या बनातीचा होता, त्या वर्षीच्या दसऱ्याचा. माझ्या काळ्या कोटाच्या काखेत त्यांनी तो चौकोनी कापून बसवला.

"मास्तर, तांबडा दिसेल हो."

"हात खाली असताना दिसणार नाही. वर केलास तर दिसेल. घाल. हात वर कर."

मी हात वर केला. टाका तुटला नाही.

"अजून वर. हां. आता बोल पाहिजे तेवढं."

तो कोट मी अजून घालतो. बोलायला उभा राहिलो आणि हात वर गेला की तो तांबडा तुकडा समोरच्यांना दिसत नाही. उजव्या बाजूला जो बसलेला असतो, त्याला तेवढा दिसतो. एकदोघांनी मला विचारलंही, हे काय म्हणून. तेव्हापासून तोंड उघडण्याआधी मी त्या बाजूला बघून घेतो, कोण बसलंय, आणि कुणाला बोलवायचं राहिलंय का.